कोशाच्या आत

१९०८ सालची दिवाळी नुकतीच सरली आहे. तुम्ही आरमोरीजवळच्या रानात उभे आहात. हा चांदा जिल्हा. गडचिरोली त्यातून वेगळा व्हायला १९८२ उजाडावं लागेल. ऐनाच्या झाडाखाली कोसा राखणारा एक ढिवर गोफण घेऊन बसलाय. कावळ्यानं अळ्या टिपल्या की महिनाभराची राखण मातीत. तो वर बोट दाखवतो, "पाहा जी, कोसा बांधाले लागली."

बोटाहून जाड, हिरवीगार अळी. दोन पानं जवळ ओढून ती डोकं आठाच्या आकड्यात फिरवते आहे, आणि तोंडाखालून ओला धागा सुटतो आहे.

आता तिच्या रेशीमग्रंथीच्या एका पेशीत शिरा. इथं फायब्रोइन या प्रथिनाच्या लांबलचक साखळ्या घडताहेत. या कोशाच्या, म्हणजे तसरच्या, अळीत अशा दोन सारख्या साखळ्या गंधकाच्या बंधानं एकमेकींत अडकतात. बंध एवढासा, पण किती मोलाचा ते तुतीच्या किड्यात दिसतं. तिथं मोठ्या साखळीला एक छोटी साखळी अशीच जोडलेली असते. त्या किड्याच्या एका वाणात छोट्या साखळीचा जोडाचा भागच नसतो. मग फायब्रोइन तयार होऊनही पेशीतच अडकून पडतं, आणि किडा नावापुरता पातळ कोश विणतो. माल तोच, पण एक गाठ बसली नाही म्हणून दाराबाहेर पडला नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं.

सात महिने पुढे चला. मृगाच्या सरी पडल्या आहेत. बियाण्यासाठी टांगलेल्या कोशात आता पतंग तयार आहे, पण भिंत सुपारीसारखी टणक आणि त्याला चावायला जबडा नाही. त्याच्या मुखांगांत कोकूनेज नावाचं विकर बनतं, तेही आधी निष्क्रिय रूपात. नाहीतर ज्या पेशींनी ते बनवलं त्यांनाच ते पचवून टाकेल. पेशीबाहेर आल्यावर त्याचा एक तुकडा छाटला जातो आणि ते जागं होतं. पतंग त्यावर लाळ सोडतो. धाग्यांना चिकटवणारा सेरिसिनचा डिंक विरघळतो, फायब्रोइनला धक्का लागत नाही. टोक ओलं होतं, मऊ पडतं, धागे बाजूला सरतात. आधी दोन पाय दिसतात, मग चुरगळलेले पंख.

विकरानं कोश मऊ करून बाहेर पडण्याची ही युक्ती काफाटोस आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी तसरच्याच कुळातल्या पतंगांवर काम करून १९६४ मध्ये छापली. कोसा कधी उकळायचा आणि कधी टांगून ठेवायचा, हे ढिवरांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. त्यांचं नाव त्या शोधाशेजारी यायला हवं, असं मी मनापासून म्हणतो.

भोक पडलेल्या कोशाचा सलग धागा सहसा निघत नाही. त्याचं सूत बाया मांडीवर वळून काढत आल्या. आरमोरीला किंवा नागभीडला तसर घ्यायला गेलात, तर असा एक कोसा मागून घ्या आणि त्याच्या तोंडाशी बोट फिरवून पाहा.