जुने खेळ, चौकोनी चित्रं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हल्लीची मुलं जुने व्हिडिओ गेम का खेळत नाहीत, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. चित्रं बघवत नाहीत! माणूस म्हणजे पाच-सहा चौकोन आणि ढग म्हणजे पांढरा डाग. आजच्या मोबाइलवर गवताचं पातं न् पातं हलताना दिसतं, तिथे हे कोण खेळणार? मंडळी, हे उत्तर मला अर्धंच खरं वाटतं. आणि ते अर्धं का, हे समजून घ्यायला आपला नंदुरबार जिल्हा फार सोयीचा आहे. कारण आपल्याकडे हे खेळ आले तेच मुळी जुने होऊन.

जरा सनावळी बघा. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जुलै १९८३ मध्ये बाजारात आणलं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा, ‘काँट्रा’ १९८७ चा. आमच्या गल्लीत टीव्ही गेम आला तो १९९५-९६ च्या सुमारास, तोही फॅमिकॉमची स्वस्त नक्कल होऊन. तेव्हा नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यातच होतं. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. आणि तिकडे जपानात डिसेंबर १९९४ मध्येच सोनीचं ‘प्लेस्टेशन’ निघालं होतं. म्हणजे आम्ही ज्याला नवलाई म्हणत होतो, ते तिथल्या मुलांच्या लेखी माळ्यावर टाकायचं सामान होतं.

आमचं काही अडलं नाही. टीव्ही गेम तासावर भाड्यानं मिळे. कॅसेट चालली नाही, की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. एका खोलीत पंधरा पोरं. दोघांच्या हाती रिमोट, बाकीचे सगळे सल्लागार. वीज गेली की सगळा डाव शून्यावर.

कुणी म्हणेल, तुम्ही दुसरं काही पाहिलंच नव्हतं, म्हणून गोड मानून घेतलंत. पण पुढे पाहिलं की! २००२ सालचा ‘व्हाइस सिटी’ वर्ष-दोन वर्षांत सायबर कॅफेत पोचला. रस्ते, गाड्या, समुद्र, सगळं हुबेहूब. आम्ही नंबर लावून तो खेळलो. आणि तिथून बाहेर पडल्यावर बसची वाट बघताना नोकियाच्या मोबाइलवर ‘स्नेक’ खेळलो. तो १९९७ चा; चित्र म्हणाल तर काळ्या ठिपक्यांची एक रेघ. सकाळी समुद्र, दुपारी रेघ, दोन्हीत जीव सारखाच रमत होता.

मग अडत कुठे होतं? आपल्याकडे घराघरांत भिलोरी, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी बोलली जाते. शाळेची मराठीच अनेकांना नवी, आणि इंग्रजी तेव्हा पाचवीपासून. ‘काँट्रा’ला भाषाच लागत नव्हती. पळा, उडी मारा, गोळी चुकवा. ज्या खेळांत पानभर इंग्रजी सूचना वाचाव्या लागत, ते चित्रानं उजवे असले तरी आमच्याकडे कुणी लावत नसे. पोरं दूर जात, ती काय करायचं हे कळेनासं झालं की. आजच्या मुलांचंही मला तेच दिसतं. जुन्या खेळात शिकवणी नसते, अर्ध्यावर थांबून जपून ठेवायची सोय नसते, तीन जीव गेले की पहिल्यापासून. मुलगा वैतागतो याला, आणि बोट दाखवतो चित्राकडे.

त्यात आणखी एक अन्याय आहे. आजची मुलं जे चित्र बघतात, ते आम्ही पाहिलेलं चित्रच नव्हे. फॅमिकॉमचं चित्र २५६ आडव्या आणि २४० उभ्या ठिपक्यांचं. जुन्या डबा टीव्हीच्या काचेवर ते ठिपके एकमेकांत किंचित विरघळत, कडा मऊ होत. चित्रकारानं ते गृहीत धरूनच रंग भरलेले असत. आजच्या सपाट पडद्यावर तोच ठिपका धारदार चौकोन होऊन समोर येतो. ‘डक हंट’ची तर गंमतच आहे. त्याच्या बंदुकीतून काही सुटत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो त्या डोळ्याला दिसला, तर बदक पडलं. हा सगळा हिशोब जुन्या काचेच्या वेगावर बांधलेला. सपाट टीव्हीवर चित्र थोडं उशिरा उमटतं आणि बंदूक आंधळी होते. इथे तर चित्राबरोबर खेळच मेला.

आता चित्रं जुनी होतात हेही मान्य करू. पण सगळी सारखी जुनी होत नाहीत. मारिओला मिशी का आहे? १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतो यांच्याकडे ठिपके इतके थोडे होते की तोंड काढणं अवघड, म्हणून मिशी. केस नीट दिसेनात, म्हणून टोपी. ‘सुपर मारिओ’तला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. तो सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटचा. मोबाइलवरचा एक साधा फोटोही त्याहून जड असतो. अडचणीतून काढलेल्या या खुणा होत्या. खूण जुनी होत नाही. आपल्या भिंतीवरचा वारली माणूस दोन त्रिकोणांचा असतो, त्याला कुणी जुनाट म्हणत नाही.

जुनी होते ती हुबेहूबपणाची ऐट. १९९६ चा ‘टूम्ब रेडर’ आला तेव्हा लोक थक्क झाले; आज त्यातली नायिका पुठ्ठ्याची वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे पहिले तीन भाग नव्यानं काढले, तेव्हा करणाऱ्यांनी एक शहाणपणा केला. एक बटण दाबलं की जुनं चित्र, पुन्हा दाबलं की नवं. आणि पात्राला हलवण्याची जुनी पद्धत हवी की नवी, हेही निवडता येतं. म्हणजे नुसतं चित्र रंगवून भागत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. उलट २०११ चा ‘माइनक्राफ्ट’ मुद्दाम चौकोनांचा, आणि त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. मुलांना चौकोनाचं वावडं नाही!

मग हे सांगायचं कशासाठी? कारण ‘चित्रं जुनी झाली’ हे फेकून देण्याचं निमित्त होतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. फॅमिकॉमचं उत्पादन २००३ मध्ये थांबलं, निन्टेंडोनं दुरुस्तीही २००७ मध्ये बंद केली. आपल्या गावांतल्या कॅसेटी भंगारात गेल्या. त्या कुणी वाचवायच्या?

आणि नव्या चित्रांचा तरी भरवसा काय? ‘पबजी मोबाइल’ची चित्रं देखणी होती. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं बंदी घातली, ऑक्टोबरअखेर सर्व्हर थांबला आणि त्याच रात्री तो लाखो मोबाइलांवर असूनही नसल्यासारखा झाला. २०२१ मध्ये दुसऱ्या नावानं खेळ परतला, तो भाग निराळा. पण एखाद्याच्या माळ्यावर अजून एखादी कॅसेट आणि एक डबा टीव्ही असेल, तर ‘काँट्रा’ आजही सुरू होईल. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तेव्हा माळा आवराल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या पोराला एकदा हाक मारा. सोबत बसून काय करायचं ते सांगा. चित्राचं त्याचं तो बघून घेईल.