पावणेआठ म्हणजे किती?

पावणेआठ तास काम केलेल्या माणसाची हजेरी स्प्रेडशीटमध्ये कशी लिहायची? पुष्कळदा सरळ ७.४५ लिहिलं जातं. दिसायला बरोबर वाटतं. पण कॉम्प्युटरच्या लेखी टिंबानंतरचे ४५ म्हणजे तासाच्या १०० भागांतले ४५. म्हणजे फक्त २७ मिनिटं! रोजची १८ मिनिटं गायब. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७ तास ४८ मिनिटं. अख्ख्या एका दिवसाची मजुरी गेली, आणि कुणी जाणूनबुजून लबाडी केलीय असंही नाही.

या भानगडीची मुळं फार जुनी आहेत.

पैसे, किलो, मीटर आपण दहाच्या हिशेबात मोजतो. तास-मिनिटं मात्र साठच्या. ही साठाची पद्धत मेसोपोटेमियातली. तिथले लोक मातीच्या पाट्यांवर ६० च्या पटीत गणित मांडायचे. ६० ला २, ३, ४, ५, ६ अशा सगळ्यांनी भाग जातो, म्हणून वाटण्या सोप्या. पुढे टॉलेमीसारख्या खगोलशास्त्रज्ञांनी हीच पद्धत वापरली. तिच्यातल्या पहिल्या बारीक भागाच्या लॅटिन नावातून ‘मिनिट’ आलं आणि दुसऱ्या बारीक भागाच्या नावातून ‘सेकंद’. आपल्याकडेही दिवसाच्या ६० घटका आणि घटकेची ६० पळं. म्हणजे ‘घटकाभर बसा’ म्हणणारा माणूस खरं तर २४ मिनिटं मागत असतो.

साठ काढून टाकायचा प्रयत्नही झाला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये तिथल्या सरकारने दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं आणि मिनिटाचे १०० सेकंद केले. तशी घड्याळंही बनली. पण लोकांच्या अंगवळणी ते पडलं नाही. १७९५ च्या एप्रिलमध्ये ज्या कायद्याने मीटर आणि ग्रॅम दिले, त्याच कायद्याने दशमान वेळ स्थगित केली. वजनमापं दहाकडे गेली, घड्याळ साठाकडेच राहिलं. तेव्हापासून दोन्ही हिशेब शेजारी शेजारी राहतात.

मग आलं स्प्रेडशीट. १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’, १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’. लोटसने प्रत्येक तारखेला एक क्रमांक दिला : १ जानेवारी १९०० म्हणजे १, दुसरा दिवस २. यात एक चूक होती. १९०० हे लीप वर्ष नसताना ते लीप धरलं गेलं. लोटसच्या फायलींशी जुळावं म्हणून एक्सेलने ती चूकही तशीच घेतली. आजही एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख चालते!

दिवसांना असे सलग क्रमांक देणं कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचं आहे. आपल्या ज्योतिर्गणितात त्याला ‘अहर्गण’ म्हणतात. कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजले की आकडे लाखांत जातात. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ या ग्रंथात शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० पासून मोजणी सुरू केली आणि ४०१६ दिवसांची चक्रं पाडून आकडे आटोक्यात आणले. सोयीचा शून्य निवडायचा आणि तिथून मोजत जायचं. लोटसनेही तेच केलं.

तर एक्सेलमध्ये १ म्हणजे एक तास नव्हे, एक दिवस. वेळ हा दिवसाचा अपूर्णांक. १ जानेवारी २००० चा क्रमांक ३६५२६. त्या दिवशी संध्याकाळचे सहा म्हणजे ३६५२६.७५. हे एकदा कळलं की बाकीची कोडी सुटतात. सेलमध्ये ७.५ लिहून त्याला वेळेचा फॉरमॅट दिला की १२:०० दिसतं, कारण ते सात दिवस आणि वर अर्धा दिवस होतात. त्याला २४ ने भागा, ७:३० मिळेल. आठवड्याची बेरीज ३२ तास ३० मिनिटं असताना ८:३० दिसते, कारण २४ तास पूर्ण झाले की ते दिवसांत जमा होतात. फॉरमॅटमध्ये तासाचं अक्षर चौकोनी कंसात टाकलं की पूर्ण ३२:३० दिसतात.

पण ७.४५ चा अर्थ ७ तास ४५ मिनिटं असेल, तर नुसतं २४ ने भागून भागत नाही. ७ वेगळे काढून २४ ने भागायचे, ४५ वेगळे काढून १४४० ने, कारण दिवसात तेवढी मिनिटं असतात, मग बेरीज. त्यापेक्षा पहिल्यापासून ७:४५ असं दोन टिंबांचं चिन्ह घालून लिहिलेलं बरं.

मराठीत हा घोटाळा होत नाही. ‘पावणेआठ’ म्हणजे आठाला पाव कमी, मग ते तास असोत की किलो. पगाराआधी तासांचा तक्ता हातात आला तर टिंबानंतरचे आकडे नुसते वाचत जा. महिनाभरात एकदाही ५९ च्या वर आकडा दिसला नाही, तर ती बहुधा मिनिटं आहेत, दशांश नव्हेत. त्यांची थेट बेरीज झाली असेल, तर हिशेब पुन्हा मांडायला सांगा.