दरड सांगून येते का?



आपल्या ग्वाल्हेरकरांच्या आठवणींत संगीत, शाळा, गणपती, वाडे हे सगळं येतं. माझी आठवण जरा वेगळी आहे. मी नोकरीची तीस-पस्तीस वर्षं दरडींच्या मागे काढली. ते लिहायचं कधी सुचलं नव्हतं, पण एका फोनमुळे सुचलं.

जुलै २०२३. १९ तारखेच्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून भाचीचा फोन. "मामा, तुम्ही अख्खा जन्म यातच काढलात ना? मग आधी कळत कसं नाही हो?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. आज देतो.

दौलतगंजातल्या आमच्या घरात सगळे मास्तर नाही तर कारकून. मी भूशास्त्र घेतलं तेव्हा आजीने विचारलं होतं, "दगड बघायचे सरकार पैसे देतं?" देतं, म्हटलं. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस गढवालात पहिली नेमणूक झाली. तिथे आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "पुस्तकं नंतर. आधी गोहना पाहून ये."

बद्रीनाथला जाताना चमोलीच्या पुढे बिरही लागतं. आपल्यातले कितीतरी जण तिथून गेले असतील. तिथे बिरही नदी अलकनंदेला मिळते. तिच्या खोऱ्यात आत गोहना गाव आहे. सप्टेंबर १८९३ मध्ये गावाजवळचा डोंगर नदीत कोसळला आणि सुमारे ९०० फूट उंचीचा बांध तयार झाला. मागे पाणी साठू लागलं. खाली चमोली, श्रीनगर (हे गढवालचं), हृषीकेश, हरिद्वार.

पुलफर्ड नावाचे इंजिनियर आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे टी. एच. हॉलंड यांनी जाऊन पाहणी केली. हॉलंड तेव्हा जेमतेम २५ वर्षांचे. दोघांचंही मत पडलं की बांध अधेमधे फुटणार नाही. तळं काठोकाठ भरेल, पाणी वरून वाहू लागेल आणि मग ते बांध कापून काढेल. हे होईल साधारण ऑगस्ट १८९४ च्या मध्यावर.

पुढचं काम मला सगळ्यात मोठं वाटतं. गोहनापासून हरिद्वारपर्यंत तारेची लाइन टाकली. पूर कुठवर चढेल याचा हिशेब करून दोन्ही काठांवर खुणेचे दगडी खांब उभे केले. झुलते पूल काढून ठेवले, यात्रेकरूंची वाट वळवली. तळ्यावर एक अधिकारी पहाऱ्याला बसवला. २५ ऑगस्टला सकाळी पाणी वरून वाहू लागलं आणि मध्यरात्रीच्या सुमारास बांध फुटला. श्रीनगर शहर वाहून गेलं. माणसं गेली फक्त पाच, एक फकीर आणि त्याच्या घरची. त्यांना आधी हलवलं होतं, ती परत खाली गेली.

ते तळं पुरतं रिकामं झालं नव्हतं. उरलेलं २० जुलै १९७० च्या अलकनंदेच्या पुरात गेलं. मी गेलो तेव्हा नुसतं गाळाचं मैदान होतं. त्यावर उभं राहून वाटलं, आपलं काम सोपं आहे. नीट हिशेब करायचा आणि सांगायचं.

तसं नव्हतं. गोहनाला अकरा महिने मिळाले, कारण पाणी हळूहळू चढत होतं आणि मोजता येत होतं. पावसात सुटणाऱ्या दरडीचं तसं नाही. उतारावर माती नि दगडगोट्यांचा थर असतो. पाणी त्यात मुरतं आणि कणांमधल्या जागा भरतात. पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते. मग तो थर घसरतो, आणि पाणी भरपूर असेल तर ओल्या काँक्रीटसारखा वाहू लागतो. घराएवढे धोंडे त्यात तरंगल्यासारखे येतात. पहाडी लोक त्याला मलबा म्हणतात. किती वेळ किती जोराचा पाऊस झाला की असं होतं, याचा अंदाज नेल केन यांनी १९८० साली जगभरच्या ७३ घटना जमवून मांडला. तेव्हापासून आम्हाला 'आता धोका आहे' म्हणता येऊ लागलं. पण अमुकच उतार अमुकच वाजता सुटेल, हे आजही सांगता येत नाही.

आता माझी चूक सांगतो. एका गावात नाल्याच्या तोंडाशी शाळेच्या खोल्या बांधायचं ठरलं होतं. पहाडात सपाट जागा मिळणं कठीण, म्हणून सगळे खूश. पण ती जागा सपाट झाली होती ती जुन्या मलब्यानेच. मी अकरा पानांचा इंग्रजी अहवाल लिहिला, नकाशा जोडला आणि वर पाठवला. गावात कोणाशी बोललो नाही. खोल्या उभ्या राहिल्या. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री खिडक्यांपर्यंत चिखल भरला. रात्र होती म्हणून पोरं वाचली. नंतर तिथली एक म्हातारी मला म्हणाली, "बेटा, तुला ठाऊक होतं, तर आम्हाला का नाही सांगितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक गावात आधी चौकात बसून हिंदीत सांगायचो, मग अहवाल लिहायचो.

निवृत्तीनंतर ३० जुलै २०१४ ला माळीण झालं. आंबेगाव तालुक्यातलं गाव, १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा कळलं ते तिथून जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरमुळे. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. म्हणजे याद्या हव्यात, पण यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त झोपू नये.

तर भाचीबाई, उत्तर असं. दरड कधी महिनोन्‌महिने आधी सांगते, कधी काही तास, कधी काहीच नाही. उतारावर नव्या भेगा पडणं, झाडं नि खांब कलणं, दारं अचानक अडकणं, झऱ्याचं पाणी गढूळ होणं, भर पावसात ओढ्याचं पाणी एकदम कमी होणं, यातलं काही दिसलं तर सामान न आवरता बाहेर पडायचं. ओढ्याच्या दिशेने पळायचं नाही, आडवं पळून बाजूच्या उंचवट्यावर जायचं.

आपल्यातल्या अनेकांचं कुलदैवत कोकणात आहे, काहींनी घाटात घरंही घेतली आहेत. घर घेण्याआधी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पूर्वी इथे काय खाली आलं होतं? आणि तुमच्या घरात माळीण, तळिये किंवा पहाडातल्या अशा कुठल्या प्रसंगाची आठवण असेल तर खाली नक्की लिहा. तारीख, ठिकाण आठवेल तसं लिहा. मी अजून वहीत टिपून ठेवतो.