खंजिरी गावोगाव

खंजिरीला सामान फार लागत नाही. लाकडाचं एक कडं, एका तोंडावर ताणून बसवलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत अडकवलेल्या धातूच्या बारीक झांजा. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. हवेनं कातडं सैल पडलं तर शेकोटीपाशी धरून तापवायचं, फारच ताणलं गेलं तर ओलं बोट फिरवून उतरवायचं. पेटी उचलायला माणूस लागतो, तबल्याला बैठक लागते. खंजिरी मात्र झोळीत मावते. गाणारा उभ्यानं, चालता चालता स्वतःच स्वतःची साथ करू शकतो. अमरावती-अकोल्याकडच्या गावांत भजनाला जी धार आली, त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे.

खंजिरी आणि तिची बहीण दिमडी यांना पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. ते पातळ असूनही चिवट, त्यामुळे आवाज खणखणीत निघे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला अभय दिलं आणि कारागीर बकरीच्या कातड्याकडे, पुढे कृत्रिम पानाकडे वळले.

खंजिरी हाती येण्याआधीच वऱ्हाडात लोकांशी गाऊन बोलण्याची वाट मळलेली होती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा (१८७६-१९५६), दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. समोरच्या शेतकऱ्याला प्रश्न विचारायचा, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचं आणि कर्ज, दारू, नवसाचं बकरं यांचा हिशेब त्याच्यापुढे मांडायचा, ही त्यांची रीत. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुणपणी त्यांच्याबरोबर हिंडले आणि पुढे त्यांच्यावर लिहिते झाले. कीर्तन ऐकायला आलेला माणूस घरी जाताना काहीतरी ठरवून गेला पाहिजे, ही अपेक्षा बाबांनी या मातीत रुजवली.

त्या मातीत खंजिरी घुमवली ती माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे तुकडोजी महाराज, यांनी. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत, गरीब घरात त्यांचा जन्म झाला. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या हे नाव दिलं आणि तीच त्यांच्या भजनांतली मुद्रा झाली. शाळा फार झाली नाही, पण मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत पदं सुचत गेली. शब्द सोपे, ध्रुवपद पहिल्याच फेरीत पाठ होणारं, चाल कुणालाही उचलता येईल अशी. मधल्या ओळीला खंजिरी दबकी चाले. ध्रुवपद आलं की हात उंच जाई, झांजा खळाळत आणि सगळं पटांगण सूर धरी.

१९३५ मध्ये त्यांनी अमरावती-नागपूर रस्त्यावरच्या मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९३६ मध्ये गांधीजींच्या सहवासात सेवाग्रामला राहून आले. त्यानंतरच्या भजनांत देवाच्या जोडीला देश आला. १९४२च्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी आणि यावली ही गावं पेटून उठली. ज्या मुलखात तुकडोजींची भजनं घरोघरी म्हटली जात होती, तोच हा मुलूख. सरकारला संबंध कळायला वेळ लागला नाही. महाराजांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं.

स्वातंत्र्यानंतर विषय बदलले, वाद्य तेच राहिलं. ग्रामसफाई, व्यसन, अस्पृश्यता, हुंडा, सामुदायिक प्रार्थना. ४१ अध्यायांच्या आणि ४,६७५ ओव्यांच्या ‘ग्रामगीते’त त्यांनी जे मांडलं, तेच सभेत खंजिरीवर गाइलं गेलं. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला जातानाही खंजिरी बरोबर होती. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराज गेले. दरवर्षी अश्विनातल्या पुण्यतिथी महोत्सवात त्याच मिनिटाला मोझरीत जमलेला अफाट समुदाय मौन पाळतो, आणि मग प्रार्थना सुरू होते.

खंजिरीच्याच जातीचं एक वाद्य आयर्लंडमध्ये आहे: बोरान. तेही लाकडी कड्यावर बकरीचं कातडं ताणलेलं, फक्त आकारानं मोठं, बहुधा बिनझांजेचं आणि हातानं किंवा छोट्या काठीनं वाजणारं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सोंगं घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांच्या हातात ते असे. १९६०च्या दशकात शॉन ओ रिआदा या संगीतकारानं त्याला मैफिलीच्या मंचावर आणलं. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोल्तस’ या संस्थेनं शाखोशाखी वर्ग काढून लोकसंगीत नव्या पिढीच्या हाती दिलं. आज जगभरातली माणसं एकत्र जमून त्या लोकसंगीताच्या धुना वाजवतात. तिकडे चर्मवाद्य धूनच्या सोबतीला गेलं, इकडे ते शब्दाच्या सोबतीला राहिलं. वऱ्हाडी श्रोता खंजिरीचा हात वाखाणतो, पण आधी विचारतो, बुवा बोलला काय?

शब्दाचा हा मान सांभाळून हाताची करामत कुठवर नेता येते, ते अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांनी दाखवलं. मूळचे सिरसोलीचे, अकोटकडचे. पुढ्यात एकदम सात खंजिऱ्या मांडून ते वाजवतात. वेगवेगळ्या स्वरांच्या पानांवर हात फिरतो तेव्हा एका माणसाचा अख्खा ताफा होतो. तो ताल टिपेला पोचला की ते एकाएकी थांबतात आणि अस्सल वऱ्हाडीत बोलू लागतात: अंधश्रद्धेवर, दारूवर, लग्नातल्या उधळपट्टीवर. पटांगण हसतं, मग गप्प होतं. तुकडोजी आणि गाडगेबाबा या दोघांचा वारसा इथे एकाच कार्यक्रमात भेटतो.

तुकडोजींच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमुळे हा प्रवाह गावात टिकून आहे. ठिकठिकाणी खंजिरी भजन स्पर्धा होतात, रात्रभर चालतात. पुरुषांच्या मंडळांबरोबर महिलांची आणि मुलांची मंडळंही उतरतात. एक काळ पुरुषांच्याच हातात दिसणारी खंजिरी आता शेतमजूर बाया सफाईनं फिरवतात, आणि ध्रुवपदाला हात उंच नेण्याची लकब त्यांनी अचूक उचलली आहे. पदं बहुतेक तुकडोजींचीच असतात. पण मधूनच एखादं मंडळ कापसाच्या भावावर, शेतकऱ्याच्या कर्जावर नवं पद बांधून आणतं आणि त्याला पुन्हा म्हणायचा आग्रह होतो.