अस्तर असलेल्या शेततळ्यात मत्स्यपालन : पाणी आणि उपयुक्त जिवाणू सांभाळा

बीड जिल्ह्यात प्लॅस्टिक अस्तराचे शेततळे मुख्यतः उन्हाळ्यात बाग जगवण्यासाठी असते. त्याच पाण्यात कटला, रोहू, मृगळ वाढवून जोडउत्पन्न घेता येते. अडचण येते ती एप्रिल-मे महिन्यांत. मासे विक्रीला आलेले असतात आणि एखाद्या पहाटे ते मरून तरंगताना दिसतात. रोग समजून औषध टाकले जाते. पण अशा वेळी बहुतेकदा दोष पाण्याचा असतो, म्हणून आधी पाणी तपासा.

अस्तरामुळे काय बदलते?

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट माशांना घातक आहेत. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असून पिकाला उपयोगी आहे.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. मातीच्या तळ्यात त्यांना तळाचा गाळ मिळतो. अस्तराच्या तळ्यात गुळगुळीत प्लॅस्टिकवर जमलेला बुळबुळीत थर हेच त्यांचे घर असते. म्हणून तो थर घासून काढू नका. शेडनेटच्या पट्ट्या किंवा बांबू पाण्यात उभे सोडल्यास जिवाणूंना जास्त जागा मिळते.

नवीन तळ्याचे पहिले दीड महिने

- जिवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात खाद्य कमी द्या आणि हळूहळू वाढवा.
- हवा देणारे यंत्र नसेल तर एका चौरस मीटरला साधारण एकच बोटुकली सोडा.
- विंधन विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते तळ्यात उंचावरून, फवाऱ्यासारखे पडू द्या.
- बाजारातील जिवाणू पावडरींमध्ये बहुधा गाळ कुजवणारे जिवाणू असतात. त्यामुळे पावडर टाकली म्हणून खाद्य वाढवू नका.

पाणी घटते, मासे तेवढेच राहतात

३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात, बाजूंचा उतार १:१ धरल्यास, २,१९६ घनमीटर पाणी मावते. पाण्याची खोली दीड मीटरवर आली की सुमारे ९७६ घनमीटर उरते आणि एक मीटरवर आली की फक्त ६२५.

रोज ५ किलो खाद्य दिले तर साधारण १५० ग्रॅम अमोनिया तयार होतो. भरलेल्या तळ्यात त्याने पातळी दिवसाला लिटरमागे ०.०७ मिलिग्रॅमने वाढेल. एक मीटर पाण्यात हीच वाढ ०.२४ मिलिग्रॅम होते, म्हणजे साडेतीन पट. जिवाणूंची जागाही घटते, कारण अस्तराचा मोठा भाग उघडा पडून वाळतो.

त्यात उष्णता आणि सामूची भर पडते. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ असताना तो सुमारे ७ टक्के आणि ९ असताना ४० टक्क्यांहून अधिक होतो. पाणी गडद हिरवे असेल तर शेवाळामुळे दुपारी सामू ९ पर्यंत जाऊ शकतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरते, म्हणून पहाटे मासे गुदमरतात.

काय तपासावे, कधी तपासावे?

- सामू आणि अमोनिया : दुपारी ३ ते ४ वाजता. शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणारा तपासणी संच चालतो.
- प्राणवायू : सूर्योदयापूर्वी. लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असावा. ३ च्या खाली धोका समजा.
- पाण्याचा रंग : हात कोपरापर्यंत बुडवा. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त आहे. खाद्य कमी करा.

मासे पहाटे तोंड वर काढत असतील तर

1. त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद ठेवा.
2. तळ्यातलेच पाणी पंपाने उचलून तुषारने परत तळ्यात पाडा. ऊन वर येईपर्यंत थांबू नका.
3. विहिरीचे ताजे पाणी उपलब्ध असेल तर तेही फवाऱ्याने सोडा.
4. मेलेले मासे लगेच बाहेर काढा.

हे टाळा

- सामू न तपासता चुना टाकू नका. सामू आधीच जास्त असेल तर अमोनिया अधिक विषारी होतो.
- शेवाळासाठी मोरचूद टाकू नका. शेवाळ एकदम मरून कुजते आणि प्राणवायू संपतो. जिवाणूंनाही इजा होते.
- मासे असताना ब्लिचिंग पावडर वापरू नका.
- मीठही मनाने टाकू नका. हेच पाणी बागेला जाणार आहे.

बाग आणि मासे, दोन्ही सांभाळताना

टंचाईच्या वर्षी पाणी आधी बागेला जाणार, हे गृहीत धरूनच माशांचे नियोजन करा. खोली दीड मीटरवर आली की मोठे मासे विकायला सुरुवात करा आणि उरलेल्या माशांच्या वजनाप्रमाणे खाद्य कमी करा. चार पैसे जास्त मिळतील म्हणून मे अखेरपर्यंत थांबणे महागात पडू शकते.

तळाचा गाळ पंपाने उपसून पाटाने झाडांना द्या. त्यात अन्नद्रव्ये असतात. ठिबकमधून मात्र सोडू नका, फिल्टर आणि ड्रीपर तुंबतात. सगळे अस्तर एकाच वेळी धुऊ नका. जुना थर काही भागावर राहिला तर जिवाणू टिकतात आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी लवकर स्थिरावते.