डाउनलोड केलेला सिनेमा दुसऱ्या मोबाईलवर का चालत नाही? काय आहे 'डीआरएम'

सोनारी (ता. परंडा) : भैरवनाथाच्या यात्रेला पुण्याहून गावी निघालेला माणूस एसटीत बघायला मोबाईलमध्ये सिनेमा उतरवून घेतो. गावात आल्यावर तोच भावाच्या मोबाईलमध्ये टाकायला जावं, तर उघडतच नाही. मोबाईल बिघडलेला नसतो. हे 'डिजिटल राइट्स मॅनेजमेंट', म्हणजे डीआरएमचं कुलूप.

फाईल सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि किल्ली त्या ॲपकडेच, तीही ठराविक मुदतीपुरती. वर्गणी थांबली की डाउनलोड नुसतं पडून राहतं. अँड्रॉइडमध्ये हे काम गुगलचं 'वाइडवाइन' करतं. त्याची एल-१ पातळी नसेल तर एचडीचे पैसे भरूनही नेटफ्लिक्सवर चित्र साधंच दिसतं. नवा मोबाईल घेताना कॅमेऱ्याबरोबर हेही विचारा, दुकानदार सहसा आपणहून सांगत नाही.

यामुळे चोरी थांबते, असं कंपन्या म्हणतात. पण चोरीच्या कॉप्या टेलिग्रामवर फिरतातच, अडतो तो पैसे भरणारा. २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं किंडलमधून परस्पर काढून टाकली होती. पैसे मात्र परत केले.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही. 'खरेदी करा' असं लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा मिळतो तो फक्त वापराचा परवाना. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही तक्रार करता येते.