तलवारबाजी : हंगामाबाहेरील बलसाधना आणि खुराक

फॉइल, इपी आणि सेबर या तीन प्रकारांत स्पर्धा खेळणाऱ्या तलवारबाजाने दोन हंगामांच्या मधल्या काळात करायचा ताकदीचा व्यायाम आणि त्याला पूरक आहार. खेळाचे नियम व डावपेच स्वतंत्र नोंदींत दिले आहेत. येथे शरीराच्या तयारीपुरताच विचार केला आहे. उदाहरणे महाराष्ट्रातली, आहाराच्या बाबतीत विशेषतः पूर्व विदर्भातली घेतली आहेत.

खेळाची शारीरिक मागणी : पिस्ट म्हणजे खेळपट्टी १४ मीटर लांब व दीड ते दोन मीटर रुंद असते. गटफेरीची लढत ५ गुणांची व तीन मिनिटांची. बाद फेरीची लढत १५ गुणांची. ती तीन-तीन मिनिटांच्या तीन सत्रांत होते आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती मिळते. सेबरमध्ये ८ गुण झाले की थांबतात. ज्यूल्यो रोई आणि डायना बियांकेदी यांनी २००८ मध्ये या खेळाच्या शास्त्राचा जो आढावा घेतला, तो आजही आधारभूत मानला जातो. बियांकेदी या वैद्यक शिकलेल्या, आणि फॉइलच्या सांघिक प्रकारात १९९२ व २००० या दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या खेळाडू. त्यांच्या आढाव्यानुसार आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा दिवस ९ ते ११ तास चालतो, पण त्यात लढतींचा वाटा १८ टक्के असतो आणि प्रत्यक्ष झुंज १७ ते ४८ मिनिटेच होते. सेबरमधली झटापट दोन-तीन सेकंदांत संपते. इपीत ती लांबते. म्हणून तलवारबाजाला लागतो तो क्षणात उसळणारा जोर, आणि तोच जोर दिवसभर पुन्हापुन्हा काढण्याची ऐपत.

लंज : या खेळाची ताकद कुठे खर्च होते ते लंजमध्ये दिसते. उजव्या हाताचा खेळाडू ऑन गार्ड उभा असताना उजवे पाऊल पुढे, डावे मागे व आडवे, दोन्ही गुडघे वाकलेले असतात. आधी हात लांबतो. मग डाव्या पायाचा गुडघा आणि खुबा एका झटक्यात सरळ होतात व शरीर पुढे फेकले जाते. उजवी टाच जमिनीवर आपटते आणि त्याच पायाच्या मांडीला सगळे वजन रोखून धरावे लागते. गुण मिळाला नाही तर तीच मांडी शरीराला मागे ढकलते. मागचा पाय ढकलणारा, पुढचा पाय अडवणारा. एका सरावात हे शेकडो वेळा घडते आणि नेहमी त्याच बाजूने घडते.

असमतोल : परिणाम उघड आहे. पुढच्या पायाची मांडी व शस्त्राच्या हाताचे कोपराखालचे स्नायू व दंड दुसऱ्या बाजूपेक्षा भरलेले असतात, आणि मागच्या पायाचा जांघेचा स्नायू कायम ताणाखाली राहतो. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धांवर पाच वर्षे नजर ठेवून पीटर हार्मर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळ थांबवावा लागेल अशा दुखापतींचे प्रमाण दर हजार सहभागांमागे ०.३ इतके अल्प निघाले. त्यांतल्या बहुतेक लचक आणि स्नायू ताणल्याच्या होत्या, पायांना झालेल्या अधिक, आणि सेबरमध्ये धोका इतर दोन प्रकारांपेक्षा जास्त होता. तलवारीने जखम होण्याची भीती पालकांना वाटते. प्रत्यक्षात खेळाडू घरी बसतो तो गुडघा, घोटा आणि मांडीमुळे. असमतोल कमी केल्याने दुखापती कमी होतातच का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण हंगामात दुर्लक्षित राहिलेल्या अर्ध्या शरीराला त्याचा वाटा देण्याची संधी फक्त हंगामाबाहेर मिळते. या काळाचे पहिले काम तेच आहे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

काळाची विभागणी : आंतरराष्ट्रीय हंगाम बहुधा जुलैतील जागतिक स्पर्धेने संपतो. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतल्या खेळाडूंचे गणित मात्र परीक्षांवर ठरते आणि मोकळा काळ एप्रिल ते जून असा येतो. त्यात १० ते १२ आठवडे हाताशी लागतात. पहिला आठवडा-दीड आठवडा पोहणे, सायकल, हलके खेळ; तलवार हातात घ्यायची नाही. पुढचे तीन आठवडे मध्यम वजनावर ८ ते १२ रेप्स, चाल शुद्ध करण्यासाठी. त्यानंतरचे चार-पाच आठवडे खऱ्या ताकदीचे : एका वेळी जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या ८० ते ९० टक्के वजन, ३ ते ६ रेप्स, ३ ते ५ सेट, आणि दोन सेटमध्ये दोन ते चार मिनिटे पूर्ण विश्रांती. घाम आला नाही म्हणजे व्यायाम झाला नाही, अशी समजूत या टप्प्यावर घातक ठरते. शेवटचे दोन-तीन आठवडे उड्या, मेडिसिन बॉल आणि हलक्या वजनाच्या वेगवान उचलीसाठी. आठवड्यात दोन किंवा तीन दिवस पुरतात. हंगाम सुरू झाल्यावर आठवड्याला एक दिवस टिकवला तरी कमावलेली ताकद बऱ्याच अंशी राहते.

मुख्य उचली : स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप आणि दंडाने वर ढकलण्याची एक उचल. त्यांच्या जोडीला एका पायाचे व्यायाम, कारण दोन्ही पायांच्या उचलीत बलवान पाय दुबळ्याचे काम गुपचूप करून टाकतो. बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉटमध्ये मागचा पाय बाकावर टेकवतात आणि पुढच्या पायावर सरळ खाली बसतात. सुरुवात नेहमी दुबळ्या पायाने करावी. त्याला जितके रेप्स जमतील तितकेच दुसऱ्याने करावेत. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक कर्ल, जांघेसाठी कोपनहेगन प्लँक, पिंडरीसाठी एका पायावर टाचा उचलणे. खांद्यासाठी फेस पुल. नियमाप्रमाणे इपीचे वजन फार तर ७७० ग्रॅम व फॉइल-सेबरचे ५०० ग्रॅम असते. म्हणून हाताला अवजड ताकदीपेक्षा न थकणारी पकड आणि स्थिर खांदा हवा. मनगटाला वजन बांधून शस्त्राचा सराव करण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तिने टोकाची अचूकता बिघडते असे मानणारे प्रशिक्षक पुष्कळ आहेत.

लांब पल्ल्याची धाव : मतभेद आहेत. इपी खेळाडूंना थोडी उपयोगी.

आखाड्याचा वारसा : मराठीत शरीरसाधनेवर जेवढे लिहिले गेले तेवढे क्वचितच दुसऱ्या खेळविषयावर असेल. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात १० खंडांत निघाला आणि त्यात कुस्ती, मल्लखांब, लाठी, दांडपट्टा यांना विस्तृत जागा मिळाली. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांनी केले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, वैद्य बंधूंनी उभे केलेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दिली. विदर्भातल्या गावागावांत व्यायामशिक्षक पोहोचले ते बरेचसे या मंडळामुळे.

आजच्या तलवारबाजाला या वारशातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. लाठी, बनेटी आणि मुद्गल दोन्ही हातांनी फिरवतात. फरीगदग्यात एका हातात चामड्याची ढाल व दुसऱ्यात गदगा असल्यामुळे रिकामा हात असा उरतच नाही. सूर्यनमस्कारात दोन्ही पाय पाळीपाळीने मागे जातात. ज्या खेळाने शरीर एका कुशीला ओढले आहे त्याला ही समतोल शिस्त फार मोलाची. मल्लखांबाने पकड, पोट आणि खांदा जसा घडतो तसा यंत्रांवर घडत नाही. मात्र बैठकांची संख्या वाढवत नेण्याची आखाड्याची रीत दम वाढवते, कमाल जोर नाही. शंभर बैठका सहज निघत असतील त्याने एकशेदहावी काढण्याऐवजी खांद्यावर वजन घ्यावे. जोर काढताना पाठीवर जोडीदार बसवण्याची तालमीची जुनी युक्ती याच तत्त्वावर उभी आहे.

महाराष्ट्रातील सोयी : भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे छत्रपती संभाजीनगर येथील केंद्र या खेळाचे राज्यातील प्रमुख ठिकाण. नाशिकमध्येही खेळाची जुनी परंपरा आहे. फेन्सिंग असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना १९७४ ची. ऑलिंपिकमध्ये खेळलेली पहिली भारतीय तलवारबाज भवानी देवी चेन्नईची. टोकियोत तिने सेबरची पहिली लढत १५–३ अशी जिंकली. तिची घडण केरळातील थलश्शेरीच्या केंद्रात व पुढे इटलीत झाली.

आहार : तलवारबाजीत वजनगट नाहीत. कुस्ती किंवा बॉक्सिंगप्रमाणे वजन उतरवण्याची सक्ती नसल्यामुळे उपाशी राहून हलके होण्याला येथे काहीही कारण नाही. तरी मुली जेवण तोडतात, आणि त्यातून पाळी अनियमित होणे, हाडे कमकुवत होणे, सतत थकवा असे चक्र सुरू होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ऊर्जेच्या सापेक्ष कमतरतेचा विकार म्हणून मांडले. पाळी चुकू लागली तर ती मेहनतीची खूण समजू नये, डॉक्टरांना दाखवावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी लोहाची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम व पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम ठरवली. हंगाम संपला की हिमोग्लोबिन तपासून घेणे हे मुलींच्या तयारीचे पहिले पाऊल असावे.

सामान्य प्रौढासाठी त्याच संस्थेने प्रथिनांचे प्रमाण शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितले आहे; ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला १.६ ग्रॅमच्या आसपास लागते, आणि ते तीन-चार जेवणांत वाटून घ्यावे. पिष्टमय पदार्थ भारी दिवशी दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम, हलक्या दिवशी ३ ते ५. कोल्हापूरच्या तालमीतला खुराक, म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण, हा तासन्‌तास मेहनत करणाऱ्या मल्लासाठी घडलेला आहे. तलवारबाजाने तो उचलला तर चरबी वाढते आणि पाय जड होतात.

पूर्व विदर्भातील ताट. कचारगड परिसर : कचारगड गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वेस्थानकाजवळच्या डोंगरात, छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. तेथील विशाल नैसर्गिक गुहा गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून पारी कुपार लिंगो व काली कंकाली यांच्या कथेशी ती जोडलेली आहे. कथेची पाठांतरे अनेक आहेत. माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून भाविक येतात. हा भाताचा आणि तलावांचा मुलूख, आणि सकस खुराकासाठी त्याला शहराकडे पाहावे लागत नाही.

६० किलो वजनाच्या खेळाडूला रोज सुमारे ९६ ग्रॅम प्रथिने लागतात. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, दोन अंडी, पेलाभर दूध : सुमारे ३० ग्रॅम. दुपारी १०० ग्रॅम तांदळाचा भात, ४० ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण, भाजी, वाटीभर दही : सुमारे २४. व्यायामानंतर मूठ-दीड मूठ फुटाणे व केळी : ८ ते ९. रात्री भात, भाजी आणि तलावातली सव्वाशे ग्रॅम मासळी : ३० च्या पुढे. बेरीज जुळते, आणि डब्यातली पावडर लागली नाही. मासे न खाणाऱ्याने ४० ग्रॅम सोयाबीन वडी घ्यावी. कडधान्य आणि भात एकत्र खाण्याची घरची रीत प्रथिनांच्या दृष्टीनेही अचूक आहे. भातात जे कमी असते ते डाळ भरून काढते.

ढिवर समाज तलावांत शिंगाडा लावतो; वाळवलेल्या शिंगाड्याचे पीठ व्यायामापूर्वी पचायला हलके. जवसाची चटणी ओमेगा-३ साठी. कोदो-कुटकी तंतुमय, म्हणून सरावाच्या ऐन आधी टाळून रात्री खावी. मोहफुले वाळवून भाजून खातात. त्यांत साखर भरपूर असते. लाखोळीच्या डाळीत प्रथिने चांगली असली तरी तिच्यातील ओडीएपी या घटकामुळे ती रोजचा मुख्य आहार झाल्यास पाय लुळे पडण्याचा विकार होऊ शकतो. कमी ओडीएपीच्या वाणांविषयी चर्चा चालू आहे. पायांवर जगणाऱ्या खेळाडूने तिच्यावर भिस्त ठेवू नये.

डोंगराची चढण हे या भागातले दुसरे साधन. चढावर धावल्याने गुडघ्यावर आदळ कमी बसते व मागच्या पायाचा रेटा वाढतो. उतारावर सावकाश, पाऊल रोखत उतरल्याने पुढच्या मांडीची अडवण्याची ताकद येते. सुरुवातीला दोन दिवस मांड्या दुखतात. गुहेची वाट यात्रेची व श्रद्धेची आहे, सरावासाठी आसपासचा दुसरा चढ निवडावा.

ऊन : गोंदियात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या बराच वर असतो. व्यायाम सकाळी सातच्या आत आटोपावा. उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सरावाआधी व नंतर वजन करावे. जेवढे किलो उतरले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत भरून काढावे, नुसते पाणी नव्हे तर मीठ घातलेले ताक, आंबील, पेज किंवा पन्हे. जाड जॅकेट आणि मुखवटा घालून खेळणाऱ्याला घाम अधिक येतो, म्हणून ही सवय हंगामातही कामी येते.

वय : वजन उचलल्याने उंची खुंटते हा समज निराधार आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी देखरेखीखाली, आधी रिकाम्या बारने चाल शिकून उचलावे.

पूरके : क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम, प्रौढांसाठी; उपयोग ताकदीच्या टप्प्यात. इतर बहुतेक पूरकांचा पुरावा तोकडा आहे. भेसळीमुळे निषिद्ध द्रव्य पोटात गेले तरी उत्तेजक चाचणीत जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते.

व्हीलचेअर तलवारबाजी : १९६० च्या रोम स्पर्धेपासून पॅरालिंपिकमध्ये. खुर्ची जमिनीला घट्ट बसवलेली असल्याने सगळा जोर कंबर, पाठ व खांद्यातून येतो. शस्त्र न धरलेला हात खुर्ची पकडून शरीर मागे खेचतो, म्हणून रोइंगसारख्या ओढण्याच्या उचलींना या खेळाडूंच्या कार्यक्रमात पहिले स्थान.